संत्रा लावू का कापूस

ऑस्ट्रेलियातलं ऑरोरू गाव आलं की मोबाइलला रेंज येते आणि गाव मागे पडलं की जाते. गाव म्हणजे एक रुंद रस्ता, धान्य साठवायच्या उंच पांढऱ्या कोठ्या, एक बेकरी आणि बंद दारांची दोन-चार दगडी दुकानं. माझी मैत्रीण केली गाडी चालवत होती; तिनं वेग कमी केला, मागच्या सीटवर झोपलेल्या अ‍ॅग्नेसनं डोळे उघडले आणि माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. बाबांचा आवाज आला होता.

बाबा टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. बटण दाबल्यावर काय बोलायचं ते आठवेपर्यंत त्यांना वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला नुसता आमच्या बागेचा आवाज येतो. वाळक्या पानांवरून कुणीतरी चालतं, लांब रस्त्यावरून सौंसरकडे जाणारी बस हॉर्न देते, होला पक्षी घुमतो. मग बाबा खाकरतात. "बाई, मी बागेत आहो. सांग मंग. संत्रा लावू का कापूस? अखजीच्या आधी सांगजो, कलमंवाला विचारून राहिला." अखजी म्हणजे अक्षय तृतीया, आता तोंडावर आलेली.

मोहगावच्या रस्त्याला आमची संत्र्याची बाग आहे. झाडं आता थकली. बुंध्यातून डिंक गळतो, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. या उन्हाळ्यात ती काढायची हे बाबांनीच ठरवलं होतं, त्यासाठी त्यांना मला विचारायचं नव्हतं. विचारायचं होतं ते पुढचं. कापूस पेरला तर दिवाळीपर्यंत घरात येतो, वर्षाचं काम वर्षात संपतं. संत्र्याची कलमं लावली तर पाच-सहा वर्षं नुसती जपायची आणि मग कुठे फळ. तेव्हा बाबांचे गुडघे कसे असतील कुणास ठाऊक. म्हणजे फळ धरेल तेव्हा बागेत उभं राहायला दुसरं कुणीतरी हवं, आणि घरात मूल मी एकटीच. प्रश्न झाडांचा होता, पण बाबा विचारत होते ते मी परत येणार का हे. तसं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

मी "सांगतो बाबा, दोन दिवसांत सांगतो" एवढंच परत पाठवलं. तेवढ्यात कोठ्या मागे गेल्या आणि रेंजही.

इथे ऑस्ट्रेलियात मी मातीचा अभ्यास करायला आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे काय थकवणारं असतं आणि काय साधं, हे आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. आठवडाभर प्रयोगशाळा, शनिवार-रविवारी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भांडी. झोपूनही न जाणारा शीण अंगात मुरला होता. सहामाहीच्या सुट्टीत केली म्हणाली, "तुम्ही दोघी या देशात आलात आणि अ‍ॅडलेडच्या बस सोडून काही पाहिलं नाही. चला." केली माझ्या वर्गात आहे, गव्हाच्या शेतकऱ्याची मुलगी. अ‍ॅग्नेस केनियाची, माझ्याच घरात शेजारच्या खोलीत राहते. केलीची जुनी गाडी, एक तंबू, डब्यात माझी पोळी-भाजी, असे आम्ही उत्तरेकडे निघालो होतो.

"प्रत्येक गावात तुझा फोन वाजतो," अ‍ॅग्नेस म्हणाली. "फार चिकट प्रियकर आहे तुझा."

"वडील आहेत."

"मग तर सुटकाच नाही," केली म्हणाली. "प्रियकराला ब्लॉक तरी करता येतं."

आम्ही तिघी हसलो. मग रस्ता सरळ झाला. दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीची राखाडी झुडपं, लाल माती, कुंपणाची तार, आणि क्षितिजाजवळ निळे डोंगर, जे कितीही गेलं तरी जवळ येत नव्हते. एवढी मोकळी जागा मी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे मोकळं म्हटलं तरी कुणाची तरी पऱ्हाटी म्हणजे कपाशी, कुणाची तूर, कुणाच्या बैलाची घंटा असतेच. इथे डोळ्याला टेकायला काही नव्हतं. म्हणूनच बहुधा मन मागे मागे जात राहिलं.

आमच्या बागेतली झाडं आणली तेव्हा मी सोबत होते. मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा, छोटा टेम्पो होता. त्यातून आम्ही वरुडकडच्या रोपवाटिकांत कलमं आणायला गेलो. माझ्या आयुष्यातला तो पहिला लांबचा प्रवास. आमचं गाव हिंदी राज्यात, वरुड मराठी राज्यात. ती सीमा ओलांडताना काहीतरी दिसेल म्हणून मी डोळे ताणून बसले होते, पण रस्ता थोडा बरा झाला, एवढंच. वाटेत पांढुर्ण्याला थांबलो. तिथे तर्री घातलेला आलूबोंडा खाल्ला आणि माझ्या नाकातून पाणी यायला लागलं. जाम नदीच्या पलीकडे सावरगाव, माझ्या आईचं माहेर. आई म्हणाली, "पाच मिनिटं जाऊन येऊ न." बाबा म्हणाले, "तुझे भाऊ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटे फेकते, त्यांचा नेम मले माहीत आहे. मी नदी नाही ओलांडत." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात, अशी तिथली जुनी रीत आहे. आईनं त्यांच्या दंडाला चिमटा काढला. तरी आम्ही गेलो, आणि पाच मिनिटांचे दोन तास झाले. मामीनं मला कैरीचं पन्हं दिलं. त्याच्यातल्या वेलचीचा वास मला आजही सावरगावचा वास वाटतो.

परत येताना टेम्पोच्या मागे ओल्या पोत्यांत उभी केलेली कलमं होती आणि त्यांच्यामध्ये मी. ती माझ्या कमरेएवढी होती. वळणावर सगळी एकदम एकीकडे झुकायची आणि मी त्यांच्याबरोबर. ओल्या गोणपाटाचा, मातीचा आणि कोवळ्या पानांचा कडसर वास येत होता. मोठेबाबा समोरून ओरडायचे, "पोरी, मोडलं तर तुलेच लावतो गड्ड्यात!" मी दोन्ही हात पसरून कलमांना धरून बसले. घरी पोचेपर्यंत माझे हात आखडून गेले होते.

फ्लिंडर्सच्या डोंगरात आम्ही दोन दिवस राहिलो. सकाळी तंबूच्या बाहेर कांगारू उभे असायचे, माणसं पाहून कंटाळल्यासारखे. एमू रस्ता ओलांडायचे आणि मध्येच आठवण झाल्यासारखे परत फिरायचे. संध्याकाळी डोंगर आधी तांबडे, मग जांभळे व्हायचे. मी ते पाहत होते आणि ते सुंदर होतं. पण खरं सांगायचं तर दोन दिवस फोनला रेंज नाही याचंच सुख मोठं होतं. कुणी मला विचारू शकत नव्हतं. त्या सुखाची मला लाज वाटली आणि तरी ते मी पुरवून पुरवून घेतलं.

तिथली माती हातात घेतली की कोरडी भुकटी. मला आमच्या ताणाचे दिवस आठवले. संत्र्याला बहार आणायचा तर आधी पाणी तोडावं लागतं. त्याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. हिवाळ्यात महिनाभर झाडाला थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. लहानपणी मला ते पाहवायचं नाही. विहिरीत पाणी असताना झाड तहानलेलं ठेवायचं ही कसली शेती, असं वाटायचं. बाबा रोज पानं हातात घेऊन पाहायचे आणि म्हणायचे, "अजून नाही." घरातही त्या दिवसांत सगळे हळू बोलायचे, कुणी आजारी असल्यासारखं. मग एका सकाळी मोटार सुरू व्हायची. पाटानं पाणी धावायचं, ओल्या मातीतून उष्ण वास यायचा. पुढे काही दिवसांनी पहाटे दार उघडलं की अंगणात फुलांचा वास भरलेला असायचा. इतका दाट की चहाला त्याची चव लागायची. त्या दिवसांत शाळेत आमच्या कपड्यांनाही तो वास यायचा. आमची शाळा हिंदी. घरी मराठी बोलणारे आम्ही सगळे तिथे हिंदीत कविता पाठ करायचो. शेजारी बसलेल्या पोरीच्या ओढणीतून कुणाच्या बागेत बहार फुटला ते कळायचं.

पावसाळ्याआधी डिंक्यावर, म्हणजे झाडाच्या डिंक गळायच्या रोगावर, मोरचूद आणि चुन्याचं मलम व्हायचं. बाबा बादलीत कालवायचे आणि आई आणि मी झाडांच्या बुंध्यांना ते फासायचो, कमरेपर्यंत. फिक्या निळ्या मोज्यांसारखी दिसायची झाडं. आमची बोटं कितीतरी दिवस निळसर राहायची. आई त्याच बोटांनी भाकरी थापायला जायची आणि बाबा म्हणायचे, "हात धू, नाही तर माझ्याही पोटातला डिंक्या जाईन."

बागेत एक झाड वेगळं होतं. कलम म्हणजे खाली जंबेरीचं मूळ आणि वर संत्र्याचा डोळा. जंबेरी हे आंबट, खरबरीत लिंबू. मूळ चिवट म्हणून घेतात. पण खालून जंबेरीचा फुटवा आला तर तो लगेच मोडावा लागतो, नाही तर तोच झाड होऊन बसतो. पहिल्या वर्षी बाबा आजारी असताना बाग आईनं पाहिली. एका कलमाचा शेंडा वाळत होता आणि खालून हिरवागार फुटवा आला होता. आईला वाटलं, बरं झालं, झाड जगलं. तिनं वाळका शेंडा छाटला आणि त्या फुटव्याला काठीचा आधार दिला. पुढे त्याला बोटभर काटे आले आणि मुठीएवढी पिवळी लिंबं. मोठेबाबा येईल त्या पाहुण्याला ते झाड दाखवायचे. "हे आमच्या सूनबाईचं संत्र!" आई डोक्यावरचा पदर पुढे ओढून हसायची. तिच्या हसण्यात थोडं लागलेलंही असायचं. दर वर्षी ती त्याच लिंबांचं लोणचं घालायची आणि मोठेबाबांकडेच पहिली बरणी पाठवायची.

परतीच्या वाटेवर एका पडक्या घराशी केलीनं गाडी थांबवली. माळावर एकटं दगडी घर. छप्पर नाही, दारं नाहीत. चुलीची चिमणी तेवढी उभी. आतल्या भिंतीवर जुना निळा रंग अजून होता. तिच्या पणज्याच्या काळात इकडे चांगला पाऊस झाला, लोकांनी गहू पेरला, घरं बांधली, केली सांगत होती. मग पाऊस पुन्हा पहिल्यासारखा तुटपुंजा झाला आणि लोक निघून गेले.

"तुझे पणजोबा पण?"

"ते शेवटी गेले. हट्टी होते. माझे वडील म्हणतात, त्यांना कुणी जा असं म्हणालंच नाही, नाही तर आधी गेले असते."

ती सहज म्हणाली आणि पाण्याची बाटली उघडली. मी त्या निळ्या भिंतीला हात लावून उभी होते. मग उंबऱ्याच्या दगडावर बसले. अ‍ॅग्नेस जवळ येऊन बसली. म्हणाली, "माझी आई विचारते, किती वेळात येशील. मी म्हणते, लवकर. ती म्हणते, तू मागच्या वर्षी पण लवकरच म्हणाली होतीस." मग तिनं माझ्या डब्यातली शेवटची पोळी अर्धी केली.

बरा नावाच्या गावात रेंज आली तेव्हा फोनवर बाबांचे बरेच आवाज जमले होते. एकात जेसीबीचा घरघराट होता. बाबांना मोठ्यानं बोलावं लागत होतं. "बाई, वरच्या अंगाची झाडं काढली. बाकी उद्या." मागून मोठेबाबांचा आवाज येत होता, "पोरीले पुसून शेती करते हा! अरे, पोरगी उद्या लग्न करून जाईन, तुझं संत्र काय जावई तोडाले येणार आहे?" बाबा त्यांना म्हणाले, "तुम्ही थांबा न जी. मी माझ्या पोरीसंगं बोलून राहिलो." आणि मग मला, हळू आवाजात, तोंड फोनच्या अगदी जवळ आणून, "त्याचं मनावर घेऊ नको. तुझं तू सांग. पण सांगजो." तेवढ्यात झाड मोडल्याचा आवाज आला. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता, पण ओळखला. मोठ्या ओल्या कापडाच्या फाटण्यासारखा.

मी तो पुन्हा ऐकला नाही. मोबाइल उपडा ठेवला.

बराहून खाली मॉर्गन. तिथे मरे नदी. गाड्या नदीपार न्यायला तारेवर ओढली जाणारी सपाट बोट आहे. ती इतकी सावकाश जाते की आपण चाललोय हे पाण्याकडे पाहिल्यावरच कळतं. पाणी हिरवट, काठाला म्हातारी, पांढऱ्या सालीची झाडं. मला वाटलं ही बोट पलीकडे पोचूच नये. पोचली. पुढे वायकेरीच्या वाटेवर राखाडी झुडपं संपली आणि वळणावर अचानक संत्र्याच्या रांगा सुरू झाल्या.

केलीला मी थांब म्हणाले. तिला वाटलं मला उलटी होतेय.

झाडं आमच्याकडच्यापेक्षा ठेंगणी आणि गच्च होती. फळं मोठी, हिरवट, काहींच्या गालावर नुकती पिवळी झाक. प्रत्येक बुंध्याशी काळ्या नळीतून पाणी ठिबकत होतं. सगळं नीट होतं. माणूस एकही नव्हता. मी पडलेलं एक पान उचलून चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. तोच वास. इतका तोच की क्षणभर मला माझ्या मागे बाबांचं खाकरणं ऐकू येईल असं वाटलं. मी तशीच उभी राहिले आणि वाट पाहिली, आता मला परत जावंसं वाटेल म्हणून. डोळे भरून आले. पण परत जावंसं वाटलं नाही. आठवण आली, खूप आली. परत जाणं त्या आठवणीत कुठेच नव्हतं. ते बहुतेक कधीपासूनच नव्हतं आणि मी फक्त त्याच्याकडे पाहत नव्हते.

फोनला रेंज होती. इथे दुपार, तिकडे सकाळ. मी आवाज पाठवला नाही, फोनच लावला.

"बोल बाई. आवाज चांगला येऊन राहिला. कुठं आहेस?"

"एका गावाजवळ आहो, बाबा. नदीपाशी."

"हं."

"बाबा, कापूस लावा."

पलीकडे जेसीबी नव्हता. बहुतेक काम उरकलं होतं. मोठेबाबांचा आवाज आला, "काय म्हणते?" बाबांनी मात्र मलाच विचारलं.

"पक्कं सांगून राहिली न?"

"हो. पाच-सहा वर्षांत तर मी येत नाही. त्याच्यापुढचं मले माहीत नाही. खोटं कशाले सांगू?"

मी रांगेतल्या ओल्या मातीवरचा माझ्याच बुटाचा ठसा पाहत राहिले. मला वाटत होतं, आता त्यांनी रागवावं. निदान तुझ्या आईला काय सांगू असं तरी म्हणावं.

"बरं केलं," बाबा म्हणाले. "मी कलमंवाल्याले सांगून देतो. त्याचंही गिऱ्हाईक माझ्यापायी थांबलं असन." मग, "मले वाटतच होतं. पण वाटणं येगळं, अन् तू सांगणं येगळं. आता झोप तरी येईन."

मला वाटलं ते फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. चालू लागल्याचा आवाज आला, उकरलेल्या ढेकळांवरून. मग ते कुठेतरी टेकले.

"बाई, तिकडे पाणी कोणत्या महिन्यात पडते?"

मला आधी कळलंच नाही. इतक्या दिवसांत त्यांनी परीक्षा कधी, सुट्टी कधी, तिकीट कधी एवढंच विचारलं होतं. हा देश कसा आहे हे कधीच नाही. आत्याचं लग्न झाल्यावर बाबा तिच्या सासरी पहिल्यांदा गेले होते तेव्हा ते असेच ओसरीवर टेकून तिच्या सासऱ्यांना विचारत होते, तुमच्याकडे पाणी कसं, जमीन कशी.

"थंडीत पडते, बाबा. आता मे महिन्यात सुरू होईन."

"थंडीत? मंग उन्हाळ्यात?"

"उन्हाळा पूर्ण कोरडा."

"बाप्पा! मंग पेरते कवा?"

"पहिलं पाणी पडलं का गहू पेरतात. माती लाल आहे. काही ठिकाणी इतकी भुरकट का हातात राहत नाही. आम्ही जिकडे गेलो होतो न, तिकडे तर दोन दोन तास माणूस दिसत नाही."

"गुरं?"

"मेंढ्या. अन् रस्त्यावर एमू. शहामृगासारखा पक्षी. भल्लाच भित्रा."

"पाह्य बरं," बाबा म्हणाले. "अन् मंग?"

मी सांगत गेले. ऑरोरूच्या कोठ्या, ती बेकरी, डोंगरांचा रंग, सरकती बोट. केलीनं गाडी सुरू केली, माझ्याकडे पाहिलं आणि बंद केली. अ‍ॅग्नेस बॉनेटवर चढून बसली. बाबा मध्ये मध्ये विचारत होते, विहिरी आहेत का, कुंपण कशाचं, लोकं बोलतात का चांगलं. मी सांगत होते आणि माझ्याच लक्षात येत होतं की मला बरंच माहीत आहे.

"थांब," ते म्हणाले. "तुझी आई आली. तिले सांग हे सगळं. माझ्या ध्यानात नाही राहणार."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. बांगड्या वाजल्या.

"बोल व माय," आई म्हणाली. तिचा आवाज रडून झाल्यावरचा होता, पण ती ऐकायला बसली होती.

मी पुन्हा पहिल्या गावापासून सांगायला सुरुवात केली.